गंज काढणारा रस

अंगातून वाफा निघायला लागल्या तेव्हा न्यारकोआनं टेचिमान गावातली कुठलीही शहाणी बाई करते तेच केलं. मलेरियाच्या गोळ्या घेतल्या. वर्षात तीनदा. अंग तापलं म्हणजे मलेरिया, यात विचारायचं काय? शेवटी आरोग्यकेंद्रातल्या नर्सनं तिला समोर बसवलं.

"मावशी, मलेरिया-बिलेरिया काही नाही. पाळी गेलीय तुमची. ती होती तोवर अंगच हृदयाची राखण करत होतं. आता रक्तवाहिन्यांना आतून गंज चढतोय, रक्तदाबही वाढलाय. ही गोळी रोज घ्यायची. चुकवायची नाही."

पाळी गेल्याचं न्यारकोआनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त दुफीला. दोघी एकाच शिक्षिकेकडे शिवण शिकलेल्या, चर्चच्या महिला मंडळात तीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलेल्या. गंजाची गोष्ट दुफीनं दोनदा सांगायला लावली.

महिन्याभरात दुफी मंडळात लालभडक रसाच्या बाटल्या विकू लागली. "बायांनो, पाळी गेली की रक्तवाहिन्या गंजतात. हा रस तो गंज धुऊन काढतो!" नर्सचे शब्द जसेच्या तसे. न्यारकोआला, वेडीला, उलट अभिमान वाटला.

"आणि माझ्या गोळ्यांचं काय गं?" तिनं विचारलं.

"विष आहे ते! एकदा धरलं की मरेपर्यंत सुटका नाही. फेकून दे."

न्यारकोआनं फेकून दिल्या आणि रसाची बाटली घेतली.

पाच महिन्यांनी, शनिवारी एका मयतात, तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांबरोबर नाचता नाचता तिचा श्वास अडकला आणि ती खाली बसली, तिला उचलूनच न्यावं लागलं. सुनयानी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं छातीचा फोटो बघितला. हृदय मोठं झालं होतं, आणि ते आता पहिल्यासारखं व्हायचं नव्हतं. तिथून तिला रक्तदाबाच्या खोलीकडे पाठवलं.

पहिल्याच बाकावर दुफी बसली होती. मांडीवर कडा झिजलेली जुनी फाईल, हातात नुकत्याच मिळालेल्या गोळ्या.

न्यारकोआ तिच्याशेजारी टेकली. बोलायलाही दम पुरत नव्हता. "किती वर्षं घेतेस?"

"हळू बोल ना."

"किती वर्षं, दुफी?"

"सहा." दुफीनं गोळ्या पिशवीत कोंबल्या. "अगं, मंडळातल्या सगळ्याच घेतात! रस पितात आणि गोळीही घेतात. मी बोलते ते विकण्यापुरतं, हे कळतं सगळ्यांना. तू खरंच फेकून देशील असं मला काय माहीत?"

न्यारकोआला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं जिच्या शब्दावर ती चालली, तिच्या लेखी ती फक्त एक भोळसट गिऱ्हाईक होती.

तिथल्या नर्सनं न्यारकोआचं नाव पुकारलं आणि तिचे कागद चाळले. "गोळ्या मध्येच बंद का केल्या, मावशी? कुणी सांगितलं?"

दुफीनं तिचा हात घट्ट धरला. न्यारकोआनं तो सोडवला.

"हिनं," ती म्हणाली. "ही माझी मैत्रीण होती."