सुईवाले साहेब

माझा कुणावरच विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. सत्तावीस वर्षं मी लोकांची स्वयंपाकघरं तपासतोय आणि पहिल्याच प्रश्नाला खरं उत्तर देणारा आचारी मला अजून भेटायचाय. "फ्रीज केव्हा पुसला?" "आजच, साहेब." आजच! आत कोबीचं पान भिंतीला चिकटून कागदासारखं वाळलेलं असतं आणि हा गडी आजच म्हणतो. म्हणून मी विचारायचंच सोडून दिलं. बघायचं, वास घ्यायचा आणि सुई खुपसायची.

सुई म्हणजे माझं थर्मामीटर. वीतभर पोलादी सुई, वर आकडे दाखवणारं छोटं डोकं, ठेवायला प्लास्टिकचं म्यान आणि म्यानाच्या तळाशी स्पंजचा तुकडा. गरम पदार्थ पुरेसा गरम आहे का, थंड पदार्थ पुरेसा थंड आहे का, हे सुई सांगते. मधल्या कोमट पट्ट्यात जंतूंची चैन असते. तसं प्रत्येक स्वयंपाकघराचं आपलं थर्मामीटर असतं आणि आम्ही तेच वापरलं तरी चालतं. पण ते आचाऱ्यापेक्षा खोटारडं नसेल कशावरून? मी सगळीकडे माझीच सुई वापरायचो. पाठीमागे लोक मला 'सुईवाले साहेब' म्हणायचे. ते मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

त्या वर्षी पाच महिन्यांत पाच ठिकाणी माणसं आजारी पडली. एक मुलींचं वसतिगृह, एक लग्नाचा हॉल, एका इस्पितळाचं कॅन्टीन, एक वृद्धाश्रम. पाचवं स्वयंपाकघर माझ्या वहिनींचं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर त्यांनी कपडे शिवायच्या एका कारखान्याचं जेवण करायला घेतलं, रोज दोनशे ताटं. माझं लग्न होईपर्यंत मी त्यांच्याच हातचं जेवलोय. त्यामुळे त्यांच्याकडे तपासणीला गेलो की मी दुप्पट कडक व्हायचो. घरचं म्हणून सोडलं असं उद्या कुणी म्हणायला नको. त्या मंगळवारी दुपारी मी प्रत्येक भांड्यात सुई घातली. कस्टर्डचा मोठा ट्रे होता, त्यात तर दोन्ही टोकांना घातली आणि मध्येही. वहिनी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, आता तरी घासभर खाऊन जा." मी म्हटलं, "ड्यूटीवर आहे." सगळं ठीक निघालं होतं आणि मला, लाज वाटते सांगायला, थोडं वाईटच वाटलं होतं.

गुरुवारी कारखान्यातले अडतीस जण जुलाब आणि तापाने आडवे झाले. म्हातारा वॉचमन अकरा दिवस सलाईनवर होता. त्याची बायको वॉर्डाबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची. डॉक्टर बाहेर आले की उभी राहायची, ते गेले की परत बसायची.

मी वहिनींच्या स्वयंपाकघराला सील ठोकलं. ठोकताना ओट्याशी उभी असलेली आक्का मला दिसली. आक्का त्यांच्याकडे अठरा वर्षं भाजी चिरायला होती. तिच्या बोटाला पट्टी होती. झालं, माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सगळ्यांच्या देखत मी तिला विचारलं, "हे काय?"

"सुरी लागली, साहेब. परवा. वर हातमोजा घालूनच काम केलं."

"मोजा घातला म्हणे!" मी म्हटलं. "वहिनी, हा सगळा प्रताप हिच्या हातचा आहे, लिहून ठेवा."

वहिनींनी आक्काला तिथल्या तिथे काढलं. प्रयोगशाळेने आक्काला तपासलं, तर तिच्याकडे काहीच सापडलं नाही. मी म्हटलं, सापडलं नाही म्हणजे नव्हतंच असं थोडंच आहे? माझं वाक्य तयारच असायचं.

आता प्रश्न असा होता की महिन्याच्या आत कारण सापडलं नाही, तर कारखाना जेवणाचं काम दुसऱ्याला देणार होता. वहिनींचं घर त्या दोनशे ताटांवर चालायचं. तीन आठवडे उलटून गेले होते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई बसते, तिला सगळे आकडेवाली म्हणतात. जिल्हाभरात पोट बिघडून जी माणसं दवाखान्यात पोचतात, त्यांचे कागद तिच्याकडे येतात. मग ती एकेकाला फोन करते. गेल्या पाच दिवसांत काय खाल्लंत, कुठे खाल्लंत, बरोबर कोण होतं? लोकांना काल काय खाल्लं ते आठवत नाही, तिथे पाच दिवसांचं कुठून आठवणार. आणि जो तो शेवटच्या घासावर आळ घेतो. जंतू पोटात दोन दिवस मुकाट बसलेला असतो आणि फाशी होते ती सकाळच्या चहाला. आकडेवाली कुणाचंच खरं धरत नाही, नुसतं लिहून घेते. त्यामुळे आमचं बरं जमायचं.

तिने मला सांगितलं की पाचही ठिकाणचा जंतू एकच आहे. "एकाच आईची लेकरं आहेत, सर. पण ही पाच ठिकाणं एकमेकांना ओळखतही नाहीत. दूध वेगळं, भाजी वेगळी, माणसं वेगळी. फक्त सगळीकडे थंड पदार्थ खाणारेच आजारी पडलेत."

"अंडी!" मी म्हटलं. पाचांपैकी तिघं एकाच अंडीवाल्याकडून अंडी घ्यायचे. तो माणूस मला कधीच आवडला नव्हता. फार नमस्कार करायचा. मी दोनदा त्याच्या गोदामावर गेलो, ट्रे उलटेपालटे केले, त्याच्या वह्या तपासल्या, त्याच्या पोरांना दम दिला. काही हाती लागलं नाही. तेव्हा तर माझी खात्रीच पटली. इतकं स्वच्छ कोण ठेवतं?

त्याला पक्का अडकवायचा म्हणून मी माझी तपासणीची डायरी आकडेवालीला नेऊन दिली. कुठे केव्हा गेलो, कशात सुई घातली, किती अंश भरले, सगळं त्यात असतं. म्हटलं, "यातून याच्या अंड्यांचा माग काढा. चोर सापडलाच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी संपली आणि ती खाली माझ्या टेबलाशी आली. डायरी उघडून समोर ठेवली. पाच पानांवर तिने पेन्सिलने बारीक खुणा केल्या होत्या.

"सर, आजार सुरू व्हायच्या एक-दोन दिवस आधी या पाचही ठिकाणी एक माणूस जाऊन आलाय."

"कोण?" मी खुर्चीत पुढे सरकलो. अंडीवाल्याचा ड्रायव्हर असणार, असं मला वाटलं.

ती डायरीकडे बघत राहिली. अक्षर माझं होतं.

मी चिडलो. आवाज इतका चढला की पलीकडच्या टेबलावरच्यांनी माना वर केल्या. "मी महिन्याला चाळीस ठिकाणी जातो! मग चाळीस ठिकाणी साथ का नाही आली?"

"तेच बघितलं मी," ती म्हणाली. तिचा आवाज मात्र खालीच होता. "गरम भांड्यात सुई घातली तिथे काही झालं नाही, ते पदार्थच उकळते होते. बाकीच्या दिवशी थंडात घातली तिथेही काही झालं नाही. ही पाचही ठिकाणं मंगळवारची आहेत. मंगळवारी सकाळी तुम्ही कुठे असता?"

कोंबडीच्या दुकानांत. सहा महिन्यांपूर्वी तसा हुकूम आला होता. मंगळवारी सकाळी कोंबडीची दुकानं, दुपारी स्वयंपाकघरं. दुकानात मी कच्च्या कोंबडीच्या पोटात सुई घालायचो.

"दोन्हींच्या मध्ये सुई कशाने पुसता, सर?"

पूर्वी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचो. मग स्टोअरमधून बोळे यायचे बंद झाले. मी दोन अर्ज दिले, ते कुठे गेले देव जाणे. तेव्हापासून कागदाने पुसायचो आणि म्यानात सरकवायचो. म्यानातला स्पंज कोरडा पडू नये म्हणून रोज सकाळी नळाखाली धरायचो. बाहेरून सुई कशी लखलखीत दिसायची. लोकांच्या फ्रीजच्या रबरात बोट घालून बघणाऱ्या मला आपल्या म्यानात डोकावायचं सहा महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

हे सगळं मी तिला सांगितलं की नुसतं मनात म्हटलं, आता आठवत नाही. तिला कळलं एवढं खरं. ती म्हणाली, "हा माझा नुसता अंदाज आहे. स्पंज प्रयोगशाळेत दिला तर नक्की कळेल. पाचला त्यांची गाडी येते." आणि ती वर निघून गेली. म्यान टेबलावर, माझ्या चष्म्याशेजारी होतं.

तीन वाजले होते. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात चहाची किटली असते. मी उठलो, किटली भरली आणि बटण दाबलं. खोटं कशाला बोलू? म्यानात एकदा उकळतं पाणी ओतलं असतं की काम तमाम. स्पंज बदलायला दोन मिनिटं. मग पाठवा खुशाल प्रयोगशाळेत. आकडेवालीचा अंदाज चुकला असता, अंडीवाला संशयितच राहिला असता आणि मी पुढच्या वर्षी मानाने निवृत्त झालो असतो. पाणी उकळायला लागलं. मी म्यान हातात घेतलं.

आणि मला एकदम वाटलं, ही बाई म्यान इथे सोडून गेलीच कशी? मी तिच्या जागी असतो तर? पिशवीत घालून, सील करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन सोबत नेलं असतं. संशयिताच्या हातात पुरावा कोण ठेवतं? तिने ठेवला. माझ्यावर इतका विश्वास माझ्या सख्ख्या भावानेही कधी टाकला नसेल. मला इतकी शरम वाटली की कान तापले. किटली आपोआप बंद झाली. त्याच पाण्याचा चहा करून मी प्यायलो आणि पाचच्या गाडीत म्यान स्वतः चढवलं. तरी ड्रायव्हरला सीलवर सही करायला लावलीच. जित्याची खोड.

चौथ्या दिवशी अहवाल आला. स्पंजात तोच जंतू होता.

मी माझ्या वरच्या साहेबांकडे सगळं लिहून दिलं, वहिनींच्या स्वयंपाकघराचं सील काढायचा हुकूम घेतला आणि तसाच त्यांच्याकडे गेलो. सीलची तार मीच कापली. तिथेच दारात उभ्या उभ्या मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, शिव्या घालतील, रडतील. वहिनी पदराने ओट्यावरची धूळ पुसत राहिल्या.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," शेवटी त्या म्हणाल्या.

"वहिनी, माझं चुकलं. कारखान्याला मी स्वतः पत्र देतो. तुमचं काम जाणार नाही."

"ते द्याच. पण भाऊजी, मला कशाला सांगताय? तुम्ही नुसतं बोट दाखवलंत. अठरा वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला हाकलली मीच. माझं काम वाचावं म्हणून." त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "मी दोनदा जाऊन आले तिच्याकडे. दार उघडत नाही माझ्यासाठी. तुम्ही जा."

आक्काचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालची खोली. दार तिच्या सुनेने उघडलं. कडेवर वर्षाचं पोर होतं, हातात मऊ भाताची वाटी. आक्का आत भिंतीला टेकून बसली होती. मला बघताच उठून उभी राहिली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. बोटावरची पट्टी केव्हाच निघाली असेल, पण तिने हात दाखवले नाहीत.

मी सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, दोष माझ्या सुईचा होता, तुझा नव्हता.

"म्हणजे माझ्या हाताला काही नव्हतं?" आक्काने विचारलं.

"नव्हतं."

"तेव्हाही नव्हतं?"

"तेव्हाही नव्हतं."

ती सुनेकडे बघायला लागली. सून माझ्याकडे. मग सून म्हणाली, "महिना होत आला, साहेब. आम्ही यांना चुलीला हात लावू देत नाही. पोराला घेऊ देत नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, सगळा प्रताप हिच्या हातचा?"

"म्हणालो होतो."

"आता म्हणता, नाही. मग खरं कुठलं धरायचं?"

मी खिशातून कागद काढला, जिन्याच्या पायरीवर ठेवून सगळं लिहिलं आणि खाली सही केली. सुनेने तो कागद दोनदा वाचला. मागून बघितला, उजेडासमोर धरून बघितला. पोर आक्काकडे झेपावत होतं, दोन्ही हात पुढे करून. आक्का जागची हलली नाही. सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली.

"यावर ऑफिसचा शिक्का नाही," सून म्हणाली आणि पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "शिक्का आणा, मग बघू."

ऑफिस बंद व्हायला पाऊण तास होता. मी कागद घेतला आणि पळत सुटलो.