दोन मुठी राख

सासऱ्यांनी तिचं नाव ‘गांडूळवाली’ ठेवलं होतं आणि ते गल्लीभर केलं होतं. तोंडावर ते तिला सूनबाई म्हणत, पण अशा सुरात, की त्यापेक्षा गांडूळवाली बरं वाटावं.

घर त्यांचं होतं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, तेव्हा बॉयलरच्या टाकाऊ पत्र्यातून त्यांनी स्वतःच्या हाताने एक लोखंडी चूल जोडली होती. मागच्या आवारात ती चूल, तिच्यावर त्यांच्या आंघोळीचं पाणी, आणि कोपऱ्यात राखेचा ढीग. तीन वर्षांपूर्वी सुनेने त्याच आवारात शेड घालून गांडूळखताचे आठ बेड बांधले. पहिले दोन नेमके राखेच्या कोपऱ्यात आले. सासऱ्यांना कुणी विचारलं नाही. नवरा म्हणाला होता, “मी बोलतो बाबांशी,” आणि बोलला नव्हता.

सासऱ्यांनी भांडण केलं नाही. आठवड्यातून एकदा ते चूल झाडत, राख डब्यात भरत आणि शेवटच्या दोन मुठी चालत जाऊन पहिल्या दोन बेडवर टाकत. ती बघत असेल तर जरा सावकाश टाकत.

“बाबा, ती जिवंत आहेत.”

“मीही आहे,” ते म्हणत.

एका सकाळी ती शेडमध्ये गेली आणि दारातच थबकली. सहा, सात आणि आठ नंबरच्या बेडमधली गांडुळं विटांच्या कडांवर चढून आली होती. बरीच खाली फरशीवर पडून सुतळीसारखी वाळली होती. तिने खत उकरलं. आत हाताला येत होती ती बारीक झालेली, मलूल. तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली: राख.

सासरे चुलीसमोर स्टुलावर बसले होते.

“किती टाकलीत?”

“काय किती?”

“राख! तीन बेड मारलेत तुम्ही माझे!”

सासरे उठून शेडच्या दारापर्यंत आले आणि आत न जाता बघत राहिले. “मी टाकतो ती पहिल्या दोनवर. ते तिकडचे तीन मी कशाला बघू?”

“खोटं बोलू नका.”

हे वाक्य तिने इतक्या मोठ्याने म्हटलं, की शेजारची खिडकी उघडली. सासऱ्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“तीस वर्षं राखेत काढली मी. कुठे काय टाकलं ते मला कळतं,” ते म्हणाले. “त्या तिन्हींत तूच काहीतरी काळं ओतलंस गेल्या आठवड्यात.”

ते खरं होतं. रोपवाटिकावाले हल्ली बायोचार घातलेलं खत मागत. बायोचार म्हणजे कमी हवेत जाळलेल्या लाकडाचा कोळसा, त्याचा भुगा. तिने एक पोतं आणलं होतं आणि आठ दिवसांपूर्वी कोरडंच फोडून शेवटच्या तीन बेडमध्ये मिसळलं होतं. पण तो मातीला चांगला, हे तिने वाचलेलं होतं. म्हाताऱ्याने बोट दाखवलं म्हणून ती तिकडे बघणार नव्हती.

त्या दिवशी ती नवऱ्याच्या खनपटीला बसली. “एक तर ती चूल या आवारात राहील, नाहीतर मी.” नवरा दोन दिवस मूग गिळून बसला. तिसऱ्या दिवशी सासरे पेन्शनच्या कामाला बाहेर गेले असताना त्याने भंगारवाल्याची गाडी बोलावली. चूल चौघांना उचलेना, म्हणून धुराडं तोडून वेगळं काढलं. सून शेडच्या दारात उभी राहून बघत होती आणि तिला बरं वाटत होतं. अगदी मनापासून.

सासरे परत आले. जमिनीवर चुलीच्या चार पायांचे गंजके ठसे होते. ते त्या ठशांजवळ बराच वेळ उभे राहिले. नंतर घरात जाऊन त्यांनी गार पाण्याने आंघोळ केली. दार उघडं टाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं खोकत.

पण तिला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. राखेनेच मारलं, हे तिला लेखी हवं होतं, म्हणजे म्हाताऱ्याचं तोंड कायमचं बंद होईल. खताचा आणि डब्यात उरलेल्या राखेचा नमुना घेऊन ती माती तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली. तिथल्या बाईंनी पिशव्या हातात घेतल्या.

“कागद कशाला हवा? गांडुळांनाच विचारा ना,” बाई म्हणाल्या. “खोका घ्या, मधे फळी. एका बाजूला साधं खत, दुसऱ्या बाजूला राख मिसळलेलं. फळी काढा, मधोमध दहा गांडुळं सोडा. दोन दिवसांनी फळी परत घाला आणि मोजा. जिथे नकोसं वाटतं तिथून ती निघून जातात. आणि बेडमध्ये आणखी काय घातलंय?”

“बायोचार. पण त्याचा काय संबंध?”

“त्याचाही खोका करा. एक कोरडा, एक भिजवलेला.”

तिला ते आवडलं नाही. पण बाई फोन करून विचारणार होत्या, म्हणून तिने चार खोके मांडले.

दोन दिवसांनी ती मोजायला बसली. पहिल्या खोक्यात सासरे टाकत त्या बेताने राख होती. साध्या बाजूला सहा, राखेच्या बाजूला चार. चांगली जाडजूड, वळवळणारी. दुसऱ्यात तिने रागाने ओंजळ-ओंजळ राख घातली होती. तिथे सगळी साध्या बाजूला पळाली होती, दोन मेली होती. तिसऱ्यात कोरडा बायोचार, तिच्या पोत्यातला, तिच्याच मापाने. साध्या बाजूला नऊ. काळ्या बाजूला एक, फरशीवर मिळाली होती तसंच वाळलेलं. चौथ्यात, जिथे तोच भुगा रात्रभर पाण्यात भिजवून घातला होता, तिथे पाच आणि पाच.

तिने तिसरा खोका पुन्हा उकरला. पुन्हा नऊ. कोरड्या भुग्याने गांडुळांच्या अंगातलं पाणी ओढून घेतलं होतं. म्हाताऱ्याच्या दोन मुठींनी काही झालं नव्हतं, आणि या तीन बेडपर्यंत त्या पोचल्याही नव्हत्या.

ती तडक भंगारवाल्याकडे गेली. चूल आदल्याच दिवशी कापली होती.

सासरे पुढच्या खोलीत बसले होते. नवरा वर्तमानपत्र वाचत होता. ती उभ्यानेच बोलली.

“बाबा, राखेने नाही मेली ती. माझ्या कोळशाने मेली.”

“ऐकू नाही आलं.”

“माझ्या कोळशाने मेली.”

“शेजारच्या खिडकीला ऐकू गेलं पाहिजे. त्या दिवशी गेलं होतं.”

तिचा चेहरा तापला. तिने खिडकीपाशी जाऊन तिसऱ्यांदा म्हटलं. नवऱ्याने वर्तमानपत्र वर धरलं.

“आणि चूल?” सासऱ्यांनी विचारलं.

“कापली त्यांनी. मी जाऊन आले.”

सासऱ्यांनी मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं राहिलं होतं. “चूक कबूल केलीस, ठीक. मी माफ केलं असं समजू नकोस.”

“मी माफी मागितली नाहीये,” ती म्हणाली. ते तिच्या तोंडून निघून गेलं. मग ते परत घ्यायला फार उशीर झाला होता आणि तिला घ्यायचंही नव्हतं.

आठवड्याने गवंडी आला. आवारातून आडवी, कमरेएवढी भिंत. पहिले दोन बेड सासऱ्यांच्या बाजूला गेले. घराचा कागद त्यांच्या नावाचा होता, तेव्हा बोलायला जागा नव्हती. मुलाकरवी त्यांनी निरोप दिला: रविवारपर्यंत तिचे किडे उचलून न्यावेत, सोमवारी ते बेड फुटतील.

रविवारी ती बादली घेऊन भिंतीपलीकडे गेली. सासरे खुर्ची टाकून बसले होते. ती गुडघे टेकून खत चाळत होती, हाताने एकेक गांडूळ बादलीत सोडत होती. दोन तास तसेच गेले. दोन्ही बेड रिकामे झाले तशी ती कंबर धरून उठली आणि बादली उचलली.

“तिथे, कडेला,” सासरे म्हणाले. “एक राहिलं.”

ती परत वाकली.