यारपागचा न प्यायलेला चहा

मी एक जुना समोवर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, स्वभावाने तापट आहे. पोटात निखारे घेऊन ज्याने जन्म काढला, त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नका. तुमच्याकडे आंघोळीचं पाणी तापवायचा बंब असतो ना, त्याचा मी चुलतभाऊ. फक्त माझं पाणी चहाचं, आणि डोक्यावर मी किटली मिरवतो.

माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यातला. छातीवर पदकांचे शिक्के उठवून मला आगगाडीत चढवलं, ते थेट अझरबैजानच्या दक्षिण टोकाला, गुल्यान गावात उतरवलं. गुल्यानला तेव्हा चहाचे मळे होते, चहाचा कारखाना होता आणि कारखान्यातल्या कामगारांचा फुटबॉल क्लब होता. क्लबचं नाव यारपाग. यारपाग म्हणजे पान. त्या वर्षी आमच्या संघाने एका मोठ्या शहराच्या संघाला धूळ चारली होती, म्हणून कारखान्याने मला क्लबला बक्षीस दिलं.

माझी देखभाल तुबूकडे आली. तेव्हा ती मळ्यात पानं खुडणारी तरुण मुलगी होती, पुढे साऱ्या गावाची तुबूमावशी झाली. सामन्याच्या मध्यंतराला मी खदखदत तयार असायचो. पहिला पेला पाहुण्या संघाला, असा आमचा रिवाज. पाहुणे कुरकुरायचे, "हे गुल्यानवाले चहा पाजून पाजून पोट जड करतात आणि मग गोल मारतात." खोटं कशाला बोलू, थोडंफार तसंच होतं. मैदानाला कुंपण नव्हतं, चारी बाजूंनी मळाच होता. चेंडू झुडपांत गेला की खुडणाऱ्या बायका शोधून द्यायच्या. यारपाग एका गोलने पुढे असला, तर मात्र त्यांना तो काही केल्या सापडत नसे.

बचावफळीत मिरसादिक खेळायचा. हाडापेराने दणकट, बोलायला कमी. पाय थकल्यावर तो प्रशिक्षक झाला, केस पिकल्यावर क्लबचा अध्यक्ष. त्याची बायको चारचौघांत म्हणायची, "मी दुसरी. त्याची पहिली ती यारपाग."

मग दिवस फिरले. रशिया आणि आम्ही मिळून जो मोठा देश होता, तो मोडला आणि आमचा छोटा देश लढाईत सापडला. संघातली पोरं ट्रकमध्ये बसून गेली. जी परतली, ती सगळी खेळण्यासारखी राहिली नव्हती. कारखान्याला कुलूप लागलं, यंत्रं भंगारात गेली, मळे उपटले गेले. उपटलेल्या झुडपांची मुळं जाळून तुबूमावशी मला पेटवायची. चहाच्या लाकडावर चहा उकळायचा! माझ्या पोटात ती आग मला सोसत नसे, पण दुसरं जळण होतं कुठे?

तरीही क्लब जगला. साखळी स्पर्धेच्या खालच्या वर्गात रखडत, चिखलात पडत-उठत जगला. आणि एका वर्षी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, यारपाग देशाच्या सगळ्यात वरच्या वर्गात पोचला. तुबूमावशीचा भाचा शिरज़ाद गोलरक्षक होता. शेवटच्या सामन्यात त्याने पेनल्टी अडवली, आणि मिरसादिक मैदानात बसून ढसाढसा रडला.

पण वर चढणं वेगळं आणि वर टिकणं वेगळं. वरच्या वर्गाला दिवे हवेत, खुर्च्या हव्यात, पगार हवेत. गुल्यानकडे यातलं काहीच नव्हतं. तेवढ्यात राजधानीतून फाइगबेय नावाचा बडा माणूस निरोप पाठवू लागला, "क्लब मला द्या, मी सांभाळतो."

इथेच मित्रांनो, आमच्या माणसांनी चूक केली. आमच्याकडे मुलीला मागणी घालायला पाहुणे येतात, तेव्हा उत्तर तोंडाने देत नाहीत, चहाने देतात. बिनसाखरेचा चहा आला तर नकार. साखर ढवळून आला तर होकार, आणि पाहुण्याने तो प्यायला की शब्द पक्का. मग त्या शब्दाला मरेपर्यंत जागायचं. मिरसादिक म्हणाला, "यारपाग आमची लेक आहे. फाइगबेयने रीतसर मागणी घालावी."

गावाला ही कल्पना भारीच आवडली. मला मात्र तेव्हाच घाम फुटला होता.

फाइगबेय आला. लाल फितींनी बांधलेली मिठाईची ताटं आणली. जुने खेळाडू भिंतीला टेकून बसले. तो म्हणाला, "संघ गुल्यानमध्येच राहील. मैदान नवं करू. नाव, रंग, सगळं तुमचंच." कोणी कागद मागितला नाही. सोयरीक जुळवताना कागद मागणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं.

पडद्यामागे मी उकळत होतो. तुबूमावशीने पेला भरला आणि साखरेला हात लावला नाही.

"साखर घाल," मिरसादिक आत येऊन म्हणाला.

"नाही घालणार. हा माणूस लेक मागतोय की मेंढी, मला कळेना. सारखा घड्याळाकडे बघतोय."

"मोठ्या माणसाला कामं असतात गं."

"मग जाऊ दे त्याला कामाला."

"तुबू, नाही म्हटलं तर क्लबला कुलूप. शिरज़ाद रशियात टोमॅटो विकायला जाईल. चालेल तुला?"

"चालेल. टोमॅटो विकून पोट भरतं. याच्या शब्दाने काय भरणार आहे?"

मिरसादिकने स्वतःच्या हाताने साखर घातली आणि ढवळली. बाहेर पेला ठेवल्याबरोबर टाळ्या पडल्या, जुन्या खेळाडूंनी एकमेकांना मिठ्या मारल्या. फाइगबेयचा फोन वाजला. तो बोलत बोलतच उठला, हात हलवला, गाडीत बसून गेला.

तुबूमावशीने त्याचा पेला उचलून मिरसादिकपुढे धरला. काठोकाठ भरलेला.

मिरसादिकने पेला बाजूला सरकवला. "डॉक्टरांनी साखर बंद केली असेल त्याची," तो म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

पुढचं सांगायला मला जड जातं. घरच्या मैदानावर जेमतेम दोन सामने झाले. मग मैदान चांगलं नाही म्हणून संघ 'थोड्या दिवसांसाठी' राजधानीत न्यायचं ठरलं. बस निघाली तेव्हा, माणूस सुखरूप परत यावा म्हणून आमच्याकडे ओततात तसं, तुबूमावशीने बसमागे घडाभर पाणी ओतलं. बस परत आली नाही. हिरवा रंग गेला, निळा आला. मग नावही गेलं. मिरसादिक सामना बघायला राजधानीत गेला, तर फाटकावरच्या पोराने विचारलं, "यारपाग? ते कुठलं हॉटेल आहे काका?" आत दोन-तीनशे माणसं पेंगत बसली होती.

पुढे फाइगबेयला कंटाळा आला आणि त्याने क्लब बंद करून टाकला. एखादं दुकान बंद करावं तसा. शिरज़ाद लंगडत घरी आला. गुडघा गेला होता आणि दवाखान्यात कोणी नेलंच नव्हतं.

गावाने ठरवलं, पुन्हा उभा करू. खालच्या वर्गापासून, चिखलापासून. पण यारपाग हे नाव फाइगबेयच्या मालकीचं झालं होतं. मिरसादिकने शिरज़ादच्या मोबाइलवरून त्याला फोन लावला. म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं, म्हणून आवाज मोठा केला होता, आणि आम्ही सगळे ऐकत होतो.

"बेटा, बाकी काही नको. नाव तेवढं दे."

"काका, असं दिलेलं परत मागतात का? गोड चहा तुम्हीच पाजलात."

तुबूमावशी कानाशी कुजबुजली, "सांग त्याला. प्यायला नव्हतास म्हणावं."

मिरसादिकने फोन ठेवून दिला. "सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग तेव्हा का नाही बोललात?" तो म्हणाला. त्यानंतर तो क्लबच्या खोलीत कधी आला नाही, आणि क्लब पुन्हा उभा राहिलाच नाही.

तो गेला त्या दिवशी दुखवट्याच्या मांडवात मला बाहेर काढलं. कित्येक वर्षं मी खोलीच्या कोपऱ्यात कोंबड्यांच्या संगतीत पडून होतो. तुबूमावशीने निखारे घातले, पाणी ओतलं. पाणी सगळं बुडातून गळालं आणि निखारे चुर्र करून विझले. शेजाऱ्यांकडून ॲल्युमिनियमची किटली आणून तिने माणसांना चहा दिला. कधीकाळी ज्यांचे गोल मिरसादिकने अडवले होते, ते गावोगावचे म्हातारे आले होते. त्यातला एक म्हणाला, "त्याला यारपागचा सदरा पांघरून न्या. आम्ही त्याला दुसऱ्या कशात पाहिलंच नाही."

सगळे घरोघर धावले. पेट्या उघडल्या, माळे शोधले. सदरे बसमधून गेले होते, राहिलेले चिंध्या होऊन गेले होते. शेवटी त्याला नुसत्या पांढऱ्या कापडात नेलं.

मित्रांनो, माझं काही मागणं नाही. पितळ आहे, पडून राहीन. पण तुमच्या गावात एखादा लहानसा, सारखा हरणारा संघ असेल, तर त्याच्या सामन्याला जा. पाऊस असला तरी जा. कोणी मोठा माणूस 'मी सांभाळतो' म्हणत दारात आला, तर त्याला पाणी द्या, बसायला द्या आणि सांगा, आमचं आम्ही सांभाळू. आणि त्या संघाचा एक सदरा घडी घालून घरात ठेवा. कोणाच्या तरी अंगावर घालायला तो लागेल.