बारा मुकुट

फेलिस्मिनाने ओल्या चादरीचं एक टोक खुंटीला अडकवलं आणि दुसरं पिळायला घेतलं, तेवढ्यात तिसरा गोळा पडला. भिंत हलली. निळीची वाटी कलंडून फरशीवर निळा ओघळ आला. तिने आधी चादर वर उचलली, मग आतल्या खोलीकडे पाहिलं.

"कुठं पडला?" आतून बाल्ताझारने विचारलं.

"शेजारच्या अंगणात. खेचर गेलं."

"चांगलं होतं खेचर," तो म्हणाला.

तिचा नवरा गवंडी होता. खुब्याचं हाड मोडून आठ महिने अंथरुणावर होता. सकाळी तिने आणि शेजारणीने त्याला दाराच्या फळीवर घालून बाहेर न्यायचं करून पाहिलं. कळ सोसताना त्याने बाही चावून चावून फाडली, तेव्हा परत ठेवला. आणि नेणार तरी कुठे? गल्लीच्या वरच्या टोकाला राजवाड्याची भिंत, खालच्या टोकाला राजाचे सैनिक. पाव आणायला निघालेल्या बायकांना त्यांनी संगिनी दाखवून माघारी पाठवलं होतं. पलीकडे नदी, आणि नदीत दोन युद्धनौका. परवापर्यंत त्या राजाला सलामी देत. आज त्याच्यावरच तोफा डागत होत्या. त्यांचे नेम चुकत होते. राजवाड्याच्या भिंती दोन हात जाड, गल्लीची छपरं कौलांची. सगळ्या लिस्बनमध्ये क्रांती चालली होती म्हणे. इथे नुसती कौलं फुटत होती.

मागच्या खिडकीतून क्विरिनो चांभार आत उतरला. गुडघा खरचटला होता. वीस वर्षं तो फेलिस्मिनाला येता-जाता टोमणे मारत आला होता.

"काकू, राणीच्या चादरी आहेत ना तुझ्याकडे?"

"आता कसल्या हव्यात तुला? नेहमी म्हणायचास, राजाची घाण धुतेस."

"तेच म्हणतो अजून. पण घाण धुऊन झाली असेल तर दे. छपरांवर पांढरं टाकू. ही घरं आहेत, राजवाडा नाही, एवढं त्या नौकांना कळू दे."

"माझ्या नाहीत त्या. शनिवारी परत द्यायच्यात."

"शनिवारपर्यंत तू आहेस का?"

आत बाल्ताझार खोकला. तिने टोपलीवरचं फडकं काढलं. बारा चादरी, प्रत्येकीच्या कोपऱ्यात तळहाताएवढा लाल दोऱ्याचा मुकुट.

पहिली चादर खिडकीबाहेर गेली, तसा कोपऱ्यावरचा सार्जंट ओरडला, "आत घ्या ती. वाड्याची चादर पांढरं निशाण म्हणून लागली तर राजाने हात टेकले असं दिसेल. लावणाऱ्याला गोळी घालीन."

"आणि मुकुट नसेल तर?" फेलिस्मिनाने विचारलं.

सार्जंटने जरा विचार केला. त्याच्या कॉलरवर घामाची रेघ होती. ती कुणीतरी धुणारच होतं. "मग ती तुमची चादर. मला काय करायचंय."

दोघं जमिनीवर बसले. तिच्याकडे सुई, त्याच्याकडे चांभाराची आरी. वाड्याचा दोरा राखेच्या उकळत्या पाण्यातही न सुटणारा. एकेक टाका उचलून कापावा लागत होता. गोळा आला की दोघांचे हात थांबत, आणि मग पुन्हा सुरू होत.

"हळू. कापड फाडशील," ती म्हणाली.

"आयुष्यात पहिल्यांदा मुकुट उतरवतोय, काकू. घाई कशाला करू?"

ती हसली नाही, पण त्याच्याकडची फाटत आलेली चादर ओढून आपली त्याला दिली.

दुपारी बारा चादरी बारा छपरांवर गेल्या. त्यानंतर गोळे आले नाहीत. चादरींमुळे, की राजा तोवर मागच्या फाटकाने मोटारीतून निघून गेला होता म्हणून, हे गल्लीला कुणी सांगितलं नाही. सार्जंटलाही नाही. तो अंधार पडेपर्यंत रिकाम्या वाड्याची राखण करत उभा होता.

नऊ दिवसांनी क्विरिनो पुढच्या दाराने आला. दंडावर नव्या प्रजासत्ताकाची लाल-हिरवी पट्टी, हातात कागद. आता तो वाड्याच्या सामानावर नेमलेल्या समितीत होता.

"चादरी परत मिळाल्या," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "पण यादीत लिहिलंय, मुकुटाच्या बारा चादरी. समिती म्हणते, या त्या नाहीत. धोबिणीने बदलल्या."

"तू होतास की इथं."

"सांगितलं मी."

"मग?"

"म्हणाले, राजाची वस्तू आता लोकांची. लोकांच्या वस्तूवरची खूण काढणं म्हणजे चोरी." त्याने कागदाची घडी घातली, उलगडली. "शनिवारपर्यंत मुकुट दिसले नाहीत तर तुला नेतील."

फेलिस्मिनाने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे पाण्याचा तांब्या होता, हाताच्या अंतरावर. रोज सकाळी तीच भरून ठेवायची.

"आण त्या चादरी," ती म्हणाली.

"आणल्यात. बाहेर आहेत."

तिने एक चादर मांडीवर पसरली. इतक्या वर्षांच्या धुण्याने कापड पांढरंफटक पडलं होतं, फक्त कोपऱ्यात, दोऱ्याखाली झाकलेलं, मूळच्या सायीच्या रंगाचं राहिलं होतं. मुकुट तसाच दिसत होता, भोकाभोकांचा. तिने लाल दोरा ओवला.

"कोण आलंय गं?" बाल्ताझारने विचारलं. "राजा आला का परत?"

"नाही. क्विरिनो आहे."

तिने दुसरी सुई ओवून क्विरिनोसमोर धरली. त्याने दाराकडे पाहिलं, मग हळूच दार लोटलं आणि पट्टी कोटाच्या बाहीत सारून खाली बसला.

"वर टोकं किती असतात गं याला?" त्याने विचारलं.

"विचारतोस काय," ती सुईवरून नजर न काढता म्हणाली. "भोकं आहेत सगळी. घाल त्यातून."