इतिहासवाल्याची जागा

आमच्या ओहायोच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश समितीवर चौथ्या वर्षाचा एक विद्यार्थी घेतात. त्यालाही मत असतं. यंदा तो मान मला मिळाला, आणि मी तो गावभर मिरवला.

वॉरेन टिल्सनची मुलाखत मी घेतली. इथे मेडिकलच्या आधी कुठल्याही विषयाची पदवी चालते; त्याचा मुख्य विषय इतिहास. विज्ञान लागेल तेवढंच. घामाघूम झाला होता बिचारा.

"बाहेर सगळे जीवशास्त्रवाले बसलेत हो. मीच तेवढा वाट चुकून आलोय."

"अरे, मीही इतिहासवालीच! इथे पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्रात साफ आपटले. परत परीक्षा दिली. आता पहिल्या दहात आहे."

"खरंच?" म्हणत तो पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला.

शुक्रवारी समिती बसली. अध्यक्ष डॉ. प्रुइट, सर्जरीचे प्रमुख. मला पुढे त्यांच्याच हाताखाली शिकायचं होतं.

"इतिहास?" ते हसले. "पहिल्या सहामाहीतच गटांगळ्या खाईल पोरगा."

"आपलेच आकडे बघा ना," डॉ. लिंडक्विस्ट बाई म्हणाल्या. "मुख्य विषयाने काडीचा फरक पडत नाही."

मतं दोन विरुद्ध दोन झाली. प्रुइट माझ्याकडे वळले.

"इंग्रिड, तू सांग. तू जीवशास्त्रवालीच ना?"

'नाही, मीही इतिहासवालीच', एका वाक्याचं काम होतं. पण त्यामागोमाग ते नापास होणंही निघालं असतं, आणि तेही यांच्यासमोर. मी मान डोलावली.

"त्याला झेपणार नाही, सर," मी म्हटलं. वर आवाजात काळजीही आणली. आठवलं की अजून कान तापतात.

नकार संध्याकाळीच कळवला गेला. सोमवारी माझ्या टपालात एक कार्ड आलं. मुलाखतीनंतर सगळेच आभाराचं कार्ड धाडतात. हे वॉरेनने बुधवारी, निकालाआधीच लिहिलेलं. 'निकाल काहीही लागो. त्या खोलीत माझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी आहे, एवढ्यानेच मला शांत झोप लागते.'

माझीच मला किळस आली. कार्ड घेऊन मी तडक प्रुइटांकडे गेले. सगळं सांगून टाकायचं, होईल ते होवो.

त्यांनी मान वर केली. "काय गं, काही काम होतं?"

कार्ड मी पाठीमागे धरलं.

"उद्याच्या ऑपरेशनला उभी राहू का, सर?"