गडावरचं पाणी

त्या रविवारी उजाडल्यापासून सुप्रिया आपलं बोलणं घोकत होती. पाली गावातली चारपाच पोरंपोरी मिळून राजगडावर येणाऱ्या पाहुण्यांना झाडंपाखरं आणि इतिहास दाखवायची गडफेरी चालवतात. सुप्रिया त्यात होती, पण शेपटाला. म्हणजे कुमार पुढं चालणार, बोलणार, टाळ्या घेणार, आणि ही सगळ्यांच्या मागं राहून धापा टाकणाऱ्यांच्या पिशव्या धरणार. शेपटाचा नियम एकच, मागं राहिलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. आज मात्र पद्मावती माचीवर पोचलं की तिनं बोलायचं ठरलं होतं. विषय तिनंच निवडला होता, गडावरचं पाणी. कुमारला लढाया द्या, तो संध्याकाळ करील. पण एवढी माणसं वर राहत होती ती पीत काय होती, हे कुणी सांगतच नाही, असं तिचं म्हणणं.

आणि ऐकायला आबा येणार होते, तिचे वडील. हरिबा म्हटलं की गडाखालच्या सगळ्या वस्त्या ओळखतात. उभा जन्म म्हशींमागं त्याच डोंगरात गेलेला. लेकीच्या कामाला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, पण कधी बघायलाही आले नाहीत. "दगडं बघाया माणसं येत्यात, आनि तू सांगाया जातीस," म्हणून हसायचे. ते हसू तिला बोचायचं. आदल्या दिवशी तिनं धीर करून सांगितलं, "आबा, उद्या मी बोलनार हाय." आबा म्हशींना वैरण टाकत राहिले. पण सकाळी धुतलेलं धोतर नेसून, ठेवणीतला पटका बांधून, आपल्या नेहमीच्या पायवाटेनं तिच्याही आधी गडावर निघून गेले.

पाहुण्या होत्या वरवे बुद्रुकच्या बचत गटातल्या बायका. कुमार कारवीचं पान हातात घेऊन बोलायला लागला की यांची कुजबुज त्याच्याहून मोठी. हसत-खिदळत चढण सरत आली. पाली दरवाजाच्या खालच्या पायऱ्यांवर मात्र रतनबाई नावाच्या म्हातारीनं सहज मागं वळून दरीत बघितलं, आणि मटकन खाली बसली.

"न्हाई जमत, माजे बाई. डोळं फिरत्यात."

सुप्रियानं वर हाक मारली. बाकीच्या बायकांना कड्याशी सोडून कुमारला खाली येता येणार नव्हतं. "तू बस त्यांच्यापाशी, वरचं मी बघतो," असं ओरडून तो दरवाजातून आत गेला. वरचं म्हणजे तिचं बोलणं.

"तू जा की गं. म्या काय लेकरू हाय व्हय?" रतनबाई म्हणाली. पण सुप्रियाच्या ओढणीचं टोक म्हातारीनं मुठीत घट्ट धरलं होतं.

सुप्रिया बसली. म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवत आणि मनातल्या मनात तिच्यावर चरफडत बसली. खोटं कशाला सांगा, चांगली माणसंही चरफडतात. आबा वर वाट बघत असतील. कुमारला उभा राहिलेला बघून म्हणतील, पोरगी भ्याली, ऐन वेळी मागं सरली. आणि ते पुन्हा काही यायचे नाहीत. तिला रडू आवरेना.

तेवढ्यात वरून काठीचा आवाज आला. आबा पायऱ्या उतरत होते, हातात कुमारची बाटली.

"घ्या, पानी प्या. वरच्या कातळातल्या टाक्यातलं हाय, गार," त्यांनी बाटली रतनबाईला दिली आणि दोन पायऱ्या खाली जाऊन बसले.

"आबा, वर कुमार बोलतोय की," सुप्रिया म्हणाली.

"बोलू दे. म्या काय त्याचं ऐकाया न्हाई आलो. तू सांग."

"हितं? दोघांम्होरं?"

"दोघं काय मानसं न्हाईत?"

ती उभी राहिली. ओढणी अजून म्हातारीच्या मुठीतच होती. "नमस्कार. राजगड ही अनेक वर्षं स्वराज्याची राजधानी होती," एवढं पुस्तकी बोलली आणि पुढचं सगळं साफ विसरली.

आबांनी शाळेतल्या पोरागत हात वर केला. "म्याडम, त्या टाक्यात उन्हाळ्यात बी पानी असतंया. ते कुठनं येतं?"

सुप्रिया त्यांच्याकडं बघतच राहिली. ती फ्रॉकात होती तेव्हा याच माणसानं तिला टाक्याच्या काठावर पालथी निजवली होती, फ्रॉक मागून घट्ट धरून कातळातली बारीक चीर दाखवली होती आणि म्हटलं होतं, ऐक, ठिबकतंय.

"कातळाला चिरा असत्यात," ती म्हणाली. आवाज पुस्तकातून निसटून घरातला झाला. "पावसाचं पानी त्यात मुरतं. जुन्या माणसांनी आधी पाझर हुडकला, मंग तिथं टाकं खोदलं..." आणि मग ती बोलतच गेली. टाकी खोदताना निघालेला दगड तटाला कसा लागला, पाण्यावर सावली का राखायची, सगळं. रतनबाई दरी विसरली. ओढणी तिच्या हातून कधी सुटली, दोघींनाही कळलं नाही.

"कसं ग्वाड सांगती पोर," म्हातारी आबांकडं वळली. "तुमी तर हितलंच दिसताय. तुमास्नी ठावं असंल ह्ये समदं."

"न्हाई ओ," आबा म्हणाले. "मला अडान्याला कुठलं ठावं?"

इतकं धडधडीत खोटं त्यांच्या तोंडून सुप्रियानं जन्मात ऐकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला, नीट मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हं, म्याडम. फुडं सांगा."