व्हॅनच्या पोटाखालची लाल रेघ

वन्संचा मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने वेल्डिंगचं नाव काढायचं नाही. वन्संनी साडेतीन महिने पाळले. वरचे पंधरा दिवस कशाचे, ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. भीती वाटत होती, दुसरं काय. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला सगळं लख्ख आणि जरा निळसर दिसायचं, दुसऱ्याला पिवळट. कप ठेवायला जावं तर टेबल दोन बोटं अलीकडेच लागायचं. कप फुटला तर फुटला, पण वेल्डिंगची कांडी दोन बोटं चुकून कसं चालेल?

गॅरेज नणंद-भावजयीचं. इंजिन, गिअर, तेलपाणी वहिनींकडे, कापणं-जोडणं वन्संकडे. पूर्वी जोडकाम दादा करायचा, म्हणजे वन्संचा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली. वन्सं काम शिकल्या त्या त्याच्याच हाताखाली, बोलणी खात. गिऱ्हाइकं अजूनही वन्संच्या तोंडावर म्हणायची, "दादांचं काम म्हणजे काम." वन्सं मान डोलवायच्या. त्यांनाही तसंच वाटायचं.

अशात गुरांच्या डॉक्टरीणबाई आपली जुनी व्हॅन घेऊन आल्या. वरच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या खडीच्या चढावर ती मागची चाकं नुसती गरगर फिरवत बसायची, आणि बाई औषधांची पेटी खांद्यावर टाकून पुढचा रस्ता पायी तुडवायच्या. मागच्या महिन्यात त्या पोचेपर्यंत एक गाय गेली होती. बाईंना चारही चाकं ओढणारी व्हॅन हवी होती, आणि हीच हवी होती.

वहिनींनी भंगारवाल्याकडून एक ठोकलेली जीप आणली. तिचं डिझेल इंजिन, गिअरबॉक्स, ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा खोका आणि पुढचा अ‍ॅक्सल, एवढं सगळं व्हॅनमध्ये बसवायचं होतं. इंजिन चार बोटं उंच निघालं. ते सीटखालीच बसायचं, म्हणून ड्रायव्हरची सीट वर घ्यावी लागली. "बाईंना आता अंबाडा घालून गाडी चालवता यायची नाही," वहिनी म्हणाल्या.

इंजिनाचे पाय, अ‍ॅक्सलचे ब्रॅकेट, खोक्याचा आधार धरून वेल्डिंगच्या अकरा जागा होत्या. सगळ्या वन्संच्या.

वन्संनी मनाशी ठरवून टाकलं होतं. या अकरांत एक जरी कच्ची निघाली तर वेल्डिंगचा मुखवटा कायमचा खुंटीला. स्पेअर पार्टच्या दुकानदाराला त्यांनी गुपचूप विचारूनही ठेवलं होतं, पहिल्या तारखेपासून काउंटरवर बसू का म्हणून. तो तर उड्या मारायला लागला. वहिनींपाशी मात्र त्यांनी ब्र काढला नाही. सव्वीस वर्षं जे हात करत आले ते सोडायचं, या विचारानंच त्यांना रडू यायचं.

दहा दिवसांत अकरा जागा झाल्या. वन्सं वाकून वाकून, डोकं कांडीच्या जवळ नेत काम करायच्या. इंजिन बसलं, पहिल्या चावीला खोकून बंद पडलं, दुसऱ्या चावीला चालू झालं. मग व्हॅन चारही बाजूंनी उचलून वहिनींनी टायरवर खडूच्या खुणा केल्या आणि अ‍ॅक्सलला फिरवणारा दांडा हातानं फिरवून फेरे मोजले, पुढचा-मागचा हिशेब जुळतो का ते पाहायला. पुढचं चाक एकदा फिरायला दांड्याचे चार फेरे आणि थोडा वर. मागचंही तेवढंच.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर पुढची चाकं निघायची माहेरी आणि मागची बसायची सासरी."

वन्सं हसल्या, पण उगीचच. त्यांचं लक्ष वहिनींच्या हातातल्या डब्यांकडे होतं. दादा गेल्यावर वहिनींनी गॅरेजला एक नियम घालून दिला होता. ज्यानं जोडलं त्यानं तपासायचं नाही. जोडावर लाल औषध फवारायचं, थोडा वेळ थांबून पुसून काढायचं आणि वर पांढरी पूड मारायची. केसाएवढी भेग असली तरी आत मुरलेलं लाल वर येतं.

वहिनी पाठीवर झोपून व्हॅनखाली सरकल्या. वन्सं दाराशी रंगाच्या पालथ्या डब्यावर जाऊन बसल्या. डबा फुस्स करायचा, मग शांतता, मग फडक्याचा आवाज. वहिनी एक अक्षर बोलेनात. पहिला जोड, दुसरा, पाचवा. बरा आहे, वाईट आहे, काहीतरी म्हणावं माणसानं. पण नाही. अकराव्या फवाऱ्यापर्यंत त्यांनी मनातल्या मनात काउंटरमागच्या फळ्यांवर स्पार्क प्लगसुद्धा लावून टाकले होते.

"वन्सं, जरा इकडे येता?"

आवाज हलका होता, आणि तोच वाईट. वन्सं उठल्या, गुडघ्यांवर बसल्या, आत सरकल्या. वहिनींनी बॅटरी धरली होती. पांढऱ्या पुडीवर बोटभर लांबीची लाल रेघ स्वच्छ उमटली होती. अगदी लख्ख दिसली ती त्यांना. डोळा बरा झालाय म्हणायचा, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

मग त्यांनी नीट पाहिलं. हा अकरांतला जोड नव्हता. नव्या ब्रॅकेटला लागून चेसिसचा जुना आडवा दांडा होता, त्याचा जोड होता, आणि वेल्डिंगच्या बारीक लाटा डावीकडून उजवीकडे गेलेल्या होत्या. वन्सं डावखुऱ्या. त्यांच्या लाटा नेहमी उलट्या जातात. या लाटा कुणाच्या, ते त्यांना अंधारात बोट फिरवूनही सांगता आलं असतं. कधीतरी या व्हॅनला मागून ट्रकनं ठोकलं होतं, तेव्हा तो दांडा दादानं बसवला होता.

क्षणभर त्यांच्या डोक्यातून सगळं पळालं. शेजारी दादाची बायको झोपली होती, हातात बॅटरी घेऊन.

"माझंच असेल ते," वन्सं म्हणाल्या. "डोळ्यानं घात केला. काढते मी, वहिनी, तू जा बाहेर."

"अहो, खोटं बोलायचं तर जरा जमेल असं तरी बोला." वहिनींनी बॅटरी वन्संच्या तोंडावर मारली. "त्या दिवशी दिवा धरून मीच उभी होते. खालचा रंग खरवडून घ्या म्हटलं, तर म्हणे, धरेल गं. घाई सदानकदा."

"धरलं की. चौदा वर्षं."

"धरलं. पण हे जड इंजिन घेऊन त्या चढावर नसतं धरलं." वहिनींनी बॅटरी खाली घेतली. "तुमच्या अकराही कोऱ्या आहेत. एक ठिपका नाही. मी दोनदा पाहिल्या."

वन्संचा जीव असा भांड्यात पडला की त्यांना तिथंच, तेलाच्या डागांवर, हुंदका फुटला. वहिनी म्हणाल्या, "आता रडा, पण डोळे चोळू नका, हाताला लाल लागलंय." मग दोघीही हसायला लागल्या. हसताना वन्संचं कपाळ चेसिसवर आपटलं, तरी त्या हसतच राहिल्या.

"पहिल्याच वेळी सांगायला काय झालं होतं तुला?"

"प्रत्येक जोडाला सांगत बसले असते तर तुम्ही दर वेळी बघायला आत शिरला असता. मला आधी अकराही तपासून व्हायचे होते."

वहिनींनी ग्राइंडर ओढून घेतला आणि वन्संच्या हातात दिला. "घासून काढा. तुमचं घाला."

वन्सं घुटमळल्या. भावाच्या हातचं घासायला त्यांचा हात होईना. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःच प्लग लावला. वन्संनी जुनं वेल्डिंग पार चकचकीत धातू दिसेपर्यंत काढलं, आजूबाजूचा रंग खरवडला आणि नवं घातलं. या वेळी त्या डोकं जवळ नेत नव्हत्या. बारावी जागाही कोरी निघाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. अंबाड्याचं सांगितल्यावर त्यांनी वेणी घातली. चढाच्या पायथ्याशी वहिनींनी दांडी ओढून पुढची चाकं जोडून दिली, आणि दोघी मागे औषधांच्या पेट्यांशेजारी बसल्या. व्हॅन खडीत शिरली, एकदा चाकं घसरल्यासारखी झाली, मग पुढच्या चाकांनी पकड घेतली आणि ती न थांबता वर निघाली. बाई पुढून काहीतरी बोलत होत्या, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

वहिनींनी वन्संचं मनगट घट्ट धरलं होतं. चढ संपेपर्यंत सोडलं नाही.

"तुम्ही काउंटरचं विचारलंत त्याच दिवशी पार्टवाल्यानं मला फोन केला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेला असता, तर मी गॅरेजला कुलूपच लावणार होते. एकटीनं कसं उघडायचं मी ते?"